मिशीले हात

शर्त मीच लावली. डोमाजीचा त्यात काही दोष नाही. तो बिचारा अजून लोकाईले सांगत फिरते का मले जिंकाचंच नव्हतं म्हणून, आन लोकं हासतात.

घाटंजीच्या बाजाराच्या रस्त्यावर माहा पानठेला आहे. त्याले चिकटून डोमाजीचं कटिंगचं दुकान. त्याच्या पाटीचा पेंटर एमपीकडचा होता, तिकडं न्हाव्याले 'नाई' म्हणते, त्यानं मोठ्या अक्षरात लिवून टाकलं, 'डोमाजी नाई, जेन्ट्स पार्लर'. डोमाजीनं चालवून घेतलं. मी एका दुपारी त्याच्याखाली खडूनं लिवलं, 'येथे फक्त टकल्यांची कटिंग होते'. दोन दिवस त्याले पत्ताच नव्हता. गिऱ्हाईक हासत येऊन बसे, याले वाटे आपला हात सुधारला.

माहं असंच आहे. गिऱ्हाईक नसलं का मले खाज सुटते. दहाचा सिक्का फेविक्विकनं रोडवर चिकटवून मी गावातले भलेभले वाकवले आहेत.

तं अशाच एका रिकाम्या दुपारी निंबाखाली भारत बसला होता. भारत म्हणजे सुखीबाईचा पोरगा. वय सतरा, पण अंगानं तेराचा वाटे. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, त्याच्यावर आत्ता कुठं चार केस फुटले होते. डोमाजीच्या दुकानातले केस झाडे, न डोमाजी त्याले चहा-नाश्ता दे. चुना आणाले धाडला का दुकानासमोर जाऊन उभा राहे, कायले आलो ते इसरून. शाळा चौथीतच सुटली होती. पण एक गोष्ट त्याची पक्की. काही बी इचारा, तो 'हाव' म्हणे.

"भारत, काल चंद्रावर गेलता का बे?"

"हाव."

"एकटाच?"

"हाव."

"अन् हा डोमाजीकाका?"

"तो बी होता. मांगं बसला होता. डबलसीट गेलतो."

मी ठेल्याच्या फळीवर डोकं आपटून हासलो. डोमाजी गिऱ्हाईकाच्या गालावर फेस लावता लावता म्हणे, "हास बे इंदर, हास. एक दिवस हे पोट्टं तोंडावर 'नाही' म्हणन तुले."

"हे? सात जल्मात नाही."

"म्हणन."

"लाव शर्त."

"लावली. काय देशीन?"

मी मिशीवर हात फिरवला. माह्यी मिशी गावात मशहूर आहे. दोन्ही बाजूनं पीळ, रोज तेल. माह्यं लग्न जमलं तवा सासऱ्यानं पहिले मिशी पाह्यली, मंग मले.

"ह्या पोट्ट्यानं एक डाव जरी 'नाही' म्हटलं, कोणाले बी, कुठं बी," मी म्हटलं, "तं बाजाराच्या दिवशी भर चौकात तुह्या हातानं ही मिशी काढून घेईन. आन पोळ्यापर्यंत 'हाव'च म्हणत राह्यलं तं तुह्या डोक्यावर मी वस्तरा फिरवीन. तो बी चौकात."

"मंजूर."

"भारत, मंजूर का बे?"

"हाव," भारत म्हणे, न हासला. तो हासला का सारं तोंड हासे.

त्याच्यानंतर रस्त्यानं जाणारा-येणारा थांबून शर्त खेळे. "भारत, लग्न झालं का तुह्यं?" "हाव." "पोरं किती?" "हाव." भारत बी लोकाईसंग हासे. त्याले वाटे आपण काही चांगलं बोललो. खरं म्हणाल तं त्याचं गणित साधं होतं. शाळेत मास्तर ओरडे, घरी माय ओरडे, काय चुकलं ते याच्या ध्यानात राहे ना. 'हाव' म्हटलं का समोरचा गप होते, एवढंच ध्यानात राह्यलं होतं.

पोळा यायच्या आधीच ते झालं.

शिवारात मोटारीचं तांब्याचं वायर चोरीले जात होतं. तीन-चार पोट्ट्यांची टोळी होती. त्याईनं एका दिवशी भारतले संग नेलं, वायर भराची बोरी हातात देली न सांगतलं, "इथंच उभा राह्य. हालू नको." कुत्रे भुंकले, पोट्टे पळाले. भारत हालला नाही. शेतमालक आला तं हा बोरी धरून शेताच्या धुऱ्यावर उभाच.

ठाण्यात त्याले कोणी बोट लावलं नाही. गरजच नव्हती. हे वायर तू नेलं? हाव. मांगच्या महिन्यातलं? हाव. त्या मांगच्या चोरीत एका राखणदाराच्या डोक्यात रॉड बसला होता, मानूस अजून खाटेवर होता. रॉड तू मारला? हाव. साहेब नवा होता, साताऱ्याकडचा. त्यानं इचारलं, "चोरी का केलीस?" भारत म्हणे, "हाव." साहेबानं लिवून घेतलं, हावेपोटी.

ही गोष्ट मले एका हवालदारानं पान खाता खाता सांगतली, न मी हासलो. सवय आहे. पहिले हासू येते, बाकीचं मांगून येते.

राखणदाराले मार बसला त्या टायमाले भारत डोमाजीच्या दुकानात केस झाडून राह्यला होता. मी सोता पाह्यलं होतं. आम्ही दोघं जाऊन सांगतलं बी. तिथं म्हणे, "पोरगा सोताच हाव म्हणून राह्यला, तुम्ही कोण?"

तसा तो यवतमाळच्या पोरांच्या होममंधी गेला. चार भिंती, लोखंडी फाटक, आतमंधी बारीक बारीक पोट्टे. केस बालमंडळापुढं होती. राखणदाराचं प्रकरण अंगावर बसलं असतं तं तीन वर्ष आत. आन इकडं माह्या ठेल्यावर लोकं इचारे, "इंदरभाऊ, मंग शर्त तुमीच जिंकली म्हणाची?"

मले पहिल्यांदाच वाटलं, ही शर्त हारलीच पायजे.

भेटीच्या दिवशी मी सुखीबाईले घेऊन बसनं यवतमाळले गेलो. तिथं साधना मॅडम होत्या, पोरांशी बोलाच्या, त्यांचं मन समजून घ्याच्या. आवाज शांत. भारतले त्याईनं काही खेळ दिले होते, आकडे सांगून उलटे म्हणाले लावले होते, चित्रं लावाले दिली होती. दोन आकड्यांच्या पुढं तो जाये ना.

त्याईनं सुखीबाईले समोर बसवलं न इचारलं, "ताई, राग मानू नका. हा पोटात असताना तुम्ही दारू घ्यायच्या का?"

सुखीबाई माह्याकडं पाहे. मी भिंतीकडं.

मंग ती बोलली. आमच्याकडं नाल्यावर नानाजीची भट्टी होती, मोहाच्या दारूची. नानाजी मेला, भट्टी बी गेली. तिथं सुखीबाई कामाले होती. तिचं काम चाखाचं. धार उतरली का बोट बुडवे, काडी लावून पाहे निळी जळते का, मंग जिभेवर घे. आंबट लागली, करपट लागली, कोणी काही मिसळलं असन, तिले पहिल्या थेंबात समजे. बाजूच्या गावात खराब दारूनं लोकांचे डोळे गेले होते. आमच्याकडं एकाचे बी गेले नाही. लोकं भट्टीवर येऊन पहिले इचारे, "सुखीची जीभ लागली का?" लागली म्हटलं तवाच गिलास हातात घे. मी बी त्यातलाच, डोमाजी बी.

"किती घ्यायच्या दिवसाला?" मॅडम म्हणे.

"मोजे कोण, मॅडम. धार सुरू असे तंवर. भारत पोटात होता तवाई. शेवटच्या महिन्यापर्यंत."

"कोणी सांगितलं नाही, घेऊ नका म्हणून?"

"कोण सांगन? दाई म्हणे, अंगात ऊब राहते, मोकळं व्हाले सोपं जाते." मंग ती हळूच म्हणे, "मले वाटलं, मी तं फक्त चाखून राह्यली."

मॅडमनं भारतले जवळ बोलावलं. त्याच्या नाकाखाली बोट धरून सांगतलं, "आपल्या सगळ्यांच्या इथं, नाक आणि ओठाच्या मध्ये, एक नाली असते बघा. याला ती नाही, सपाट आहे. डोळेही बारीक. नुसत्या तोंडावरून काही ठरत नाही, मोठ्या दवाखान्यात तपासावं लागेल. पण मला वाटतं, याच्या डोक्याला पोटातच दारूचा मार बसलाय. हा वेडा नाही, लबाडही नाही. त्याला सांगितलेलं टिकत नाही, आणि समोरच्याला खूश करायला तो काहीही कबूल करतो."

सुखीबाईनं पोराच्या ओठावर बोट फिरवलं. भारतले गुदगुल्या झाल्या, तो हासला.

"माय, डबा आणला का?" त्यानं इचारलं.

"हाव," सुखीबाई म्हणे. डबा तिनं मघाशीच त्याले चारला होता.

बाहेर निघताना मॅडम मले म्हणे, "पोलिसांपुढं काय बोलला त्याला फार किंमत नाही. मंडळापुढं काय बोलतो ते महत्त्वाचं. मी अहवालात सगळं लिहितेय, तपासणी मागतेय. तुम्ही मात्र त्याला काही पढवू नका, इंद्रजीतभाऊ."

"अहवाल वाचाले टाइम लागते, मॅडम," मी म्हटलं. "'नाई' म्हणाले लागत नाही."

मॅडम हासल्या नाही.

मी शिकवाले लागलो. भेटीच्या दिवशी चिवडा घेऊन जायचा न व्हरांड्यात बसायचं.

"भारत, राखणदाराले मारलं का?"

"हाव."

"नाई म्हण."

"नाई."

"मारलं का?"

"नाई."

"शाब्बास! मारलं का?"

"नाई."

तेवढ्यात कोणाचा तरी डबा पडला, खणकन. भारतनं वळून पाह्यलं. मी इचारलं, "मारलं का?"

"हाव."

पुढच्या बारी पुन्हा पहिल्यापासून. मी गाणं केलं, बोटाले दोरा बांधला, हातावर पेनानं लिवलं. दोरा कायचा म्हणून इचारलं तं म्हणे, "डोमाजीकाकानं बांधला." डोमाजी तं तिथं आला बी नव्हता.

मंग एक बारी डोमाजीले संग नेला. भारतनं त्याले पाहून उडी मारली. "काका, केस कोण झाडते आता?"

डोमाजीनं तोंड फिरवलं. मीच मस्करीत म्हटलं, "ओळखलं का बे? हा कोण?"

"डोमाजी नाई!" भारत खणखणीत ओरडला. पाटीवरचं. रोज सकाळी ती पाटी पुसाचं काम त्याचंच होतं.

माह्या डोक्यात लाइट लागला.

"भारत, इकडं पाह्य." मी मिशीले हात लावला. "ही मिशी कोण कापते?"

"डोमाजी नाई."

"नुसतं आडनाव सांग."

"नाई."

"मी मिशीले हात लावला का काय म्हणाचं?"

"नाई."

डबा पाडून पाह्यला, टाळी वाजवून पाह्यली, चिवडा चारून पाह्यला. मिशीले हात लागला का 'नाई'. हात खाली का 'हाव'. आठ दिवसानं गेलो, तरी पक्कं. पंधरा दिवसानं गेलो, तरी पक्कं. मी व्हरांड्यातच नाचलो. सतरा वर्षात त्या पोराच्या डोक्यात कोणाले काही टिकवता आलं नव्हतं, ते मी टिकवलं.

परतताना बसमंधी डोमाजी म्हणे, "इंदर, मिशी जाईन तुह्यी."

"जाऊ दे. घरी येऊ दे त्याले, मंग तूच काप. बाजा लावून काप."

"पण हे म्हणजे, तो कुठं नाही म्हणते बे? तूच म्हणतं."

"तू गप राह्य. शर्तीत असं काही नव्हतं."

तारीख आली. ती खोली कोर्टासारखी नव्हती, पिंजरा नाही, काळे कोट दोनच. टेबलामांगं मोठ्या मॅडम, बाजूले दोन मेंबर. बाकड्यावर सुखीबाई, धुतलेलं लुगडं नेसून, त्या दिवशी न पिता आलेली. हात कापत होते तिचे, ते तिनं पदरात घेतले. तिच्या बाजूले मी, कारण भारतले ठेल्यावर काम देईन, हमी घेईन, असं मी लिवून देलं होतं. माहा इस्तरीचा सदरा, मिशीले दुप्पट तेल. भारतची खुर्ची बरोबर आमच्या समोर. कोपऱ्यात साधना मॅडम, कागद घेऊन.

"भारत, बाळ," मोठ्या मॅडम म्हणे, "शेतातलं वायर चोरलं तेव्हा तू तिथं होतास?"

हे खरंच होतं. मी हात मांडीवर ठेवले.

"हाव."

"राखणदाराला रॉड तू मारलास?"

मी मिशी खाजवली.

"नाई."

मॅडमनं मान वर केली. सरकारी वकील पुटपुटला. तिनं पुन्हा इचारलं, "नीट आठव. मारलंस?"

"नाई."

"आणि त्या आधीची चोरी? होतास तिथं?"

"नाई."

कसा बोलला! सपष्ट, ताठ. मॅडम मेंबराईसंग हळू आवाजात काही बोलल्या, कागद उलटले. मंग सुखीबाईकडं पाहून म्हणे, "एकाच प्रकरणात हजर होता, तेही पोतं धरून. जखमी माणसाशी संबंध दिसत नाही. आईच्या ताब्यात द्यायला मला हरकत वाटत नाही. हे काका काम देतायत. देखरेख राहील." सुखीबाईनं डोळे मिटले. साधना मॅडमनं हात वर केला. "मॅडम, माझा अहवाल," त्या म्हणे. मोठ्या मॅडम म्हणे, "हो, घेते वाचायला, थांबा."

आन मी मिशीवर ताव देला.

काय सांगू. जिंकल्यावर हात आपोआप तिथंच जाते माहा. उमरभर तिथंच गेला.

मोठ्या मॅडम भारतकडं वळून हासत म्हणे, "मग, जायचं ना घरी? आईकडे?"

"नाई," भारत म्हणे.

मॅडमचं हासू थांबलं. "का रे? आईकडे नाही जायचं तुला?"

माहा हात मिशीवर तसाच. बोटं पिळातच अडकले होते. हालवाचं सुचलंच नाही.

"नाई."

मी सुखीबाईकडं पाह्यलं. मले वाटलं ही आता रडन, ओरडन. ती शांत बसली होती. म्हणे, "बरोबर आहे त्याचं. त्याले समजलं असन. मॅडमनं त्याच्यापुढंच सांगतलं होतं ना, मी पोटात काय केलं ते."

तिचं तोंड पाहून मले बसवलं नाही. साधना मॅडमची मान माह्याकडं वळली होती, तिले समजून गेलं होतं, न ती डोळ्यानं म्हणून राह्यली होती, थांबा. मी थांबलो नाही. उठलो.

"मॅडम, तो तसं नाही म्हणून राह्यला. ते माहं आहे. मिशीचं."

"काय मिशीचं?"

मी सांगतलं. डोमाजी, पाटी, चिवडा, सारं.  मोठ्या मॅडमनं हातातला कागद खाली ठेवला.

"हात लावा मिशीला," त्या म्हणे.

मी लावला.

"तुझं नाव भारत आहे का?"

"नाई."

"ही तुझी आई आहे?"

"नाई."

एक मेंबर खुदकन हासला न लगेच गप झाला.

"हात खाली घ्या. भारत, राखणदाराला तू मारलंस?"

"हाव," भारत म्हणे, न माह्याकडं पाहून हासला. त्याले वाटलं बरोबर जमलं.

मॅडमनं चष्मा काढला. "आता याच्या 'हो'लाही अर्थ नाही आणि 'नाही'लाही. मी कशावर विश्वास ठेवू?" मंग लिवून घ्याले सांगतलं. मोठ्या दवाखान्यात तपासणी. तिचा निकाल येईपर्यंत मुलगा होममंधीच. राखणदाराचं प्रकरण पुन्हा उघडं. आन माह्याकडं न पाहता, "पढवणाऱ्या माणसाच्या हमीवर मूल सोडता येणार नाही."

डोमाजी बी पढवताना संग होता, तं हमी घेणारा दुसरा कोणी नव्हताच.

भारतले शिपाई घेऊन गेला. दारातून तो ओरडला, "काका, डोमाजीले सांगजा, पाटी पुसून ठेव म्हणा."

बाहेर साधना मॅडम रागावल्या नाही. रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. म्हणे, "दोन मिनिटं, भाऊ. दोन मिनिटांत त्या वाचणारच होत्या. आता मला आधी हे पटवून द्यावं लागेल, की हा खरंच असा आहे, शिकवलेला नाही."

सुखीबाई बसमंधी एकच वाक्य बोलली. "म्हणजे त्याले घरी याचं होतं?"

"हाव," मी म्हटलं.

"हे खरं सांगून राह्यले का गंमत?"

गावातल्या कोणी बी मानसानं हेच इचारलं असतं मले.

आठ दिवसानं साधना मॅडमचा फोन आला. होममंधी एक मिशीवाला शिपाई आहे. जेवाले बोलावताना तो मिशी पुसते, सवय आहे त्याची. भारत म्हणते 'नाई'. दोन डाव उपाशी झोपला, मंग तिच्या ध्यानात आलं. "त्याला आयुष्यात एकच गोष्ट पक्की लक्षात राहिली," ती म्हणे, "तुम्ही शिकवलेली. आता ती आपल्याला पुसायची आहे. तुम्हीच या, तुमचं ऐकतो तो. पण ती मिशी घेऊन येऊ नका."

मी फोन ठेवला न डोमाजीच्या दुकानात गेलो.

"शर्त हारलो," मी म्हटलं. "बाजार उद्या आहे. खुर्ची चौकात काढ."

"मले नाही काही घ्याचं बे."

"पोट्ट्यानं 'नाही' म्हटलं का नाही?"

डोमाजी वस्तरा पुसत राह्यला.

"कोणाले बी, कुठं बी, एक डाव. असंच ठरलं होतं. भर मंडळात म्हटलं. ही माय आहे का इचारलं तं 'नाही' म्हटलं. काढ खुर्ची."

बाजाराच्या दिवशी चौकात खुर्ची मांडली. एका बाजूले भाजीवाल्या, एका बाजूले चिवडा-भजेवाला, मंधात मी, गळ्यात डोमाजीचा टावेल. बातमी पसरली होती. दारव्ह्याच्या जीपमधून उतरलेले लोकं बी सामान घेऊन थांबले. मोबाइल वर झाले.

"इंदरभाऊ, रडजा नको!"

"अबे, सासऱ्याले फोन लावा कोणी, पोरगी वापस नेईन!"

"कोणत्या गोष्टीवर हारले, भाऊ?"

"भारत नाही म्हणाला," मी ओरडून सांगतलं. "आपला भारत नाही म्हणाला!"

लोकाईनं टाळ्या पिटल्या. "वा रे पोट्ट्या! शेवटी म्हणाला! जितला बुवा!"

मी बी हात वर करून टाळ्या घेतल्या. काय करता. चाळीस-पन्नास लोकं समोर असले का माह्या तोंडाले दुसरं काही येतच नाही.

डोमाजीनं फेस लावला.   माह्या कानाशी वाकून म्हणे, "अर्धी ठेवू का?"

"सारी काढ. एक केस ठेवू नको."

वस्तरा फिरला. डावी बाजू गेली, लोकं ओरडले. उजवी गेली, अजून ओरडले. डोमाजीनं टावेलानं फेस पुसला न आरसा समोर धरला. कितीक वर्षानं मी माहा वरचा ओठ पाह्यला. पांढरा, उघडा. आन मंधात, नाकापासून ओठापर्यंत, नाली. खोल, सरळ, जशी कोणी बोटानं ओढून ठेवली.

आरशातच मले मांगं सुखीबाई दिसली. टोपली डोक्यावर घेऊन गर्दीत उभी होती. लोकं हासत होते, ती हासत नव्हती. ती माह्या ओठाकडं पाहत होती. मंग तिनं एक हात टोपलीवरून खाली घेतला न सोताच्या नाकाखाली बोट ठेवलं, तिथंच, त्या खाचेत, न तसंच धरून ठेवलं.

"दुखलं का कुठं?" डोमाजीनं इचारलं.

माहा हात सवयीनं वर गेला. तिथं काहीच नव्हतं.

"हाव," मी म्हटलं. लोकं अजूनच हासले.